शिवलेली फाईल

१

मी कपाट उघडलं. वरच्या फळीवर फाईल नव्हती.

आधी वाटलं, मीच वेंधळी, खाली ठेवली असेन. खालच्या फळीवर पावतीपुस्तकं होती, ह्यांचा चष्मा होता, न फोडलेली दोन पाकिटं होती. मग मी कपाटामागे पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, शेवटी स्वतःच्या पिशवीतही हात घातला. काखेत कळसा निघू दे, सगळ्यांनी हसून घेतलं तरी चालेल, असं मनाशी म्हणत होते. पण काखेत घामाशिवाय काही नव्हतं.

सकाळचे साडेआठ वाजले होते. आमच्या लाँड्रीत तीन माणसं कामाला आहेत, रफूवाली, धुलाईच्या यंत्रांवरचा मशीनवाला आणि इस्त्रीवाले काका, आणि तिघंही परदेशातून आलेली. तिघांचे कामाचे परवाने आजच संपत होते. नवे अर्ज घेऊन, तिघांना बरोबर घेऊन, दुपारी तीनला मी परवाना कचेरीत हजर व्हायचं होतं. चारला खिडकी बंद. पासपोर्ट, जुने परवाने, अर्ज, फोटो, सगळं त्या एका फाईलीत होतं. ती गेली तर उद्या सकाळी या तिघांनी इथं राहणंसुद्धा गुन्हा ठरणार होतं.

पूर्वी हे सगळं माझे यजमान बघायचे. ते जाऊन वर्ष झालं. सरकारी पाकीट आलं की मला अजून धडकी भरते. दोन दोन दिवस मी ते फोडतच नाही. म्हणून तर गोष्ट शेवटच्या दिवसावर आली.

कपाटाची किल्ली ह्यांच्या फोटोमागे खिळ्याला असते, आणि ते दुकानात सगळ्यांना माहीत आहे. आता मी ती काढली तेव्हा जागच्या जागी होती. कपाटालाही कुलूप होतं. म्हणजे कुणीतरी शांतपणे किल्ली काढली, फाईल उचलली, कुलूप लावलं आणि किल्ली परत टांगून ठेवली. बाहेरचा चोर एवढा टापटिपीचा नसतो.

"कुणी नेली फाईल?" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ज्यानं नेली असेल त्याला मी पोलिसांत देईन!"

आत यंत्रं घरघरत होती. तिघंही आतून डोकावले आणि पुन्हा कामाला लागले.

मी वन्संना फोन लावला.

२

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. पस्तीस वर्षं एका कचेरीच्या दप्तरखान्यात होत्या. त्यांच्या हातून एकही कागद हरवला नाही, असं त्या सांगतात, आणि फार वेळा सांगतात. पण त्या दिवशी त्यांना दारात पाहून मला रडू कोसळलं.

"रडायला चारनंतर वेळ आहे," त्या म्हणाल्या. "फाईल शेवटची कधी पाहिलीस?"

"काल पाचला. ह्यांच्या फोटोची काच पुसली, कपाट लावलं आणि सहाला घरी गेले. ही तिघं सातपर्यंत होती. मधे साडेपाचला भावोजी येऊन गेले."

भावोजी म्हणजे माझा दीर, वन्संचा धाकटा भाऊ. वन्संनी नुसती भुवई वर केली.

"फाईल दिसायला कशी?"

"शिवलेली."

"शिवलेली म्हणजे?"

मला सांगताना लाज वाटली. मागच्या खेपेला एका अर्जाचा फोटो गळून पडला होता आणि ह्यांना बोलणी खावी लागली होती. तसं पुन्हा नको म्हणून मी रफूवालीला सगळे कागद कडेनं जाड दोऱ्यानं शिवायला लावले होते. आम्ही गिऱ्हाइकाच्या कपड्यांना नंबराची पट्टी शिवतो तसे, दुहेरी टाक्यांनी. पासपोर्टांना कापडाचा खिसा. आधी रफूवालीचा अर्ज, मग मशीनवाल्याचा, शेवटी इस्त्रीवाल्या काकांचा.

"अगं, फाईल आहे की उशीचा अभ्रा?" वन्संनी कपाळावर हात मारला. मग भिंतीवरच्या नोटिशीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. सोमवारी फोडलेल्या पाकिटातली ती नोटीस मीच तिथं लावली होती. वन्संनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, अगदी तळाच्या बारीक 'पान १' पर्यंत.

"यंदापासून दहाही बोटांचे ठसे घेणार," त्या म्हणाल्या. "ज्या कामगाराची ओळख ठशांवरून पटणार नाही, त्याच्या मालकाचे सर्व अर्ज चौकशीसाठी रोखले जातील. सर्व, बरं का."

त्यांनी वेळ बघायला फोन काढला, अंगठा टेकवला, मग वैतागून आकडे दाबले. "या मेल्याला माझा अंगठा कधी पटत नाही. हे बघ, फाईल कुणी विकायला नेलेली नाही. ज्याला ठसे द्यायची भीती आहे त्यानं ती उचलली."

ठशांची भीती कुणाला? ज्यानं सांगितलेलं नाव त्याचं नाहीच, त्याला. एवढी वर्षं आपण ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्यातला एक तोतया आहे की काय?

३

वन्सं ह्यांच्या फोटोजवळ गेल्या आणि काचेवर तोंडानं वाफ सोडली, चष्मा पुसताना सोडतात तशी. काच धुरकटली. खालच्या कडेला, डावीकडे चार बोटं उमटली आणि उजवीकडे चार. वरच्या कोपऱ्यात एक अंगठा.

"ठसे सापडले!" मी जवळजवळ किंचाळले.

"हं," वन्सं म्हणाल्या. "उजवीकडचे तुझेच असतील, सकाळी किल्ली तूच काढलीस. आता काचेला हात लावू नकोस. आणि पाण्यासाठी काचेचे पेले काढ, चांगले पुसून."

त्यांचा चेहरा मला कळेना. ठसे सापडल्यावर माणूस खूश होतो. या तर बुचकळ्यात पडल्यासारख्या दिसत होत्या.

आधी रफूवाली आली. तिची मुलगी पाचवीत आहे, वर्गात पहिली येते. पेला तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"ताई, मीच शिवली, मी कशाला चोरू? पोरीला घेऊन परत जायचं म्हटलं तर तिला तिकडची अक्षरंसुद्धा येत नाहीत हो."

"काल शेवटी काय काम केलंस?" वन्संनी विचारलं.

"एका कोटाचं अस्तर. आणि..." ती घुटमळली. "सांगितलं तर माझ्यावरच येईल. माझी टाके उसवायची छोटी कात्री काल संध्याकाळपासून सापडत नाही."

मशीनवाला आला तो आधीच घामाघूम. एरवी दिवसभर शीळ घालत असतो. आज त्याची नजर जमिनीवरून उठेना. वन्संनी त्याच्या वरच्या खिशातून डोकावणाऱ्या पाकिटाकडे बोट दाखवलं. पुढच्या रस्त्यावरच्या मोठ्या लाँड्रीनं त्याला नोकरी देऊ केली होती.

"सांगणार होतो, खरंच!" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "पण मावशी, तुम्हीच सांगा, परवानाच नसेल तर ते तरी मला कशाला घेतील? ही फाईल मिळाली नाही तर माझं तेल गेलं नि तूपही गेलं."

मला त्याचा राग आला. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

काका टेबल सोडून येईनात. "कामाचा खोळंबा होतो," म्हणाले. म्हणून आम्हीच आत गेलो. एकोणीस वर्षं ते त्या टेबलाशी उभे आहेत. ह्यांच्या आणि त्यांच्या मैत्रीत मालक कोण नि नोकर कोण, हे नव्या माणसाला ओळखू येत नसे.

"काल सातला दुकान कुणी बंद केलं?" वन्संनी विचारलं.

"मी. नेहमी मीच करतो."

"हजेरीच्या मशीनवर तुमची नोंद दिसत नाही."

"वहीत सही करतो. तसली थेरं मला जमत नाहीत." त्यांनी पाणी एका घोटात संपवलं आणि इस्त्री पुन्हा हातात घेतली. शर्टावरून ती ते अलगद फिरवत होते.

तेवढ्यात बाहेर एक गिऱ्हाईक आलं. सकाळीच नेलेला शर्ट त्यानं गल्ल्यावर टाकला. "ही काय इस्त्री झाली? कॉलर बघा, मांजरानं चाटल्यासारखी!"

मी माफी मागितली. आज कुणाचं चित्त ठिकाणावर असणार?

घड्याळात बारा वाजत होते. आणि दारात भावोजी उभे होते.

४

"ऐकलं मी," भावोजी म्हणाले. "वहिनी, रागावू नका, पण एका परीनं बरंच झालं. बंद करा ही लाँड्री. जागा भाड्यानं देऊ. तुमच्या जिवाला रोजची धास्ती तरी राहणार नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काल साडेपाचला हेच इथं उभे होते, आणि अगदी फोटोसमोर.

"तुम्हीच नेलीत!" मी ओरडले. "तीन माणसांच्या आयुष्याचा प्रश्न आहे, भावोजी! द्या ती फाईल!"

त्यांचा चेहरा पडला. "मी? वहिनी, मी?"

"फोटोला हात लावलात की नाही काल?"

"लावला." ते खाली बसले. "दादाचा फोटो आहे. लावला हात. तुम्ही आत होतात, म्हणून जरा... रडू आलं मला."

वन्संनी त्यांच्याही हातात पाण्याचा पेला दिला. प्यायल्यावर तो काढून घेतला आणि वळून मला म्हणाल्या, "तो वरच्या कोपऱ्यातला अंगठा याचा. किल्ली काढायची तर फोटो खालून उचलावा लागतो. आणि याचा अंगठा बघ कसा स्वच्छ उमटलाय, एक एक रेघ मोजून घ्यावी."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी दिराची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण डोळे पुसत होते.

पाऊण वाजला. मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते ती जेवायलासुद्धा उठले नव्हते. आत रफूवालीचं मुसमुसणं ऐकू येत होतं. तीन वाजता कचेरीत मोकळ्या हातांनी जाऊन मी काय सांगणार होते?

"वन्सं, पोलिसांना बोलवू का?"

"नको." त्या खिडकीच्या कठड्यावर चार पेले ओळीनं मांडत होत्या. "चोर कोण ते मला कळलंय. फाईल कुठं आहे तेही कळलंय. फक्त काय करू ते कळत नाही."

५

सगळ्यांना आत, इस्त्रीच्या टेबलापाशी बोलावलं. वन्संनी एकेक पेला उजेडात धरून त्यावर वाफ सोडली.

"हा रफूवालीचा. हा मशीनवाल्याचा. हा माझ्या भावाचा. तिन्हींवर बोटांच्या रेघा आहेत, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या. आता हा चौथा."

चौथ्या पेल्यावर बोटं होती, पण त्यांत रेघच नव्हती. नुसते गोल, कोरे डाग.

"फोटोच्या काचेवर डावीकडे असेच डाग आहेत. सकाळी मला तेच कोडं पडलं. चोरानं बोटं ठेवली, ठसे ठेवलेच नाहीत. मग माझा फोन आठवला. पस्तीस वर्षं कागद उलटून माझा अंगठा झिजला, तर एकोणीस वर्षं तापलेली इस्त्री आणि ओले कपडे धरणाऱ्या हातांचं काय झालं असेल? हजेरीच्या मशीनला ते हात ओळखता येत नाहीत, म्हणून वहीत सही. थेरं म्हणून नव्हे."

कुणीही काकांकडे पाहिलं नाही. मलाही बघवेना.

"आणि आज सकाळपासून या कोपऱ्यातून वाफ आलेली नाही," वन्संचा आवाज मऊ झाला. "एकोणीस वर्षांत ज्यांची कॉलर कधी वाकली नाही, त्यांचा शर्ट आज परत आला. काका, ही कॉलर जरा कडक करून देता? इस्त्री पुरी तापवा. वाफ सोडा."

काकांनी इस्त्री उचलली. मग हळूच उभी करून ठेवली.

"नाही सोडता येणार," ते म्हणाले. "खाली कागद आहेत. भिजतील."

टेबलावर चादर असते, तिच्याखाली दोन घोंगड्या. त्यांनी खालची घोंगडी उलटली. तिथं माझी फाईल होती, कोमट झालेली. शेवटच्या अर्जाचे तीन टाके अगदी अलगद उसवलेले होते आणि दोऱ्यात ती छोटी कात्री अडकली होती.

"माझा एकट्याचा अर्ज काढून घेणार होतो, बाई," काका खाली बघत म्हणाले. "नोटीस वाचली. मशीन मला ओळखणार नाही, आणि माझ्यापायी सगळे अडकतील. हिच्या पोरीची शाळा सुटेल. मी मुकाट्यानं गावी गेलो असतो. पण तुम्ही ती शिवून ठेवलेली. काल तीन टाके उसवले आणि अंधारून आलं. घाईत दुसरे कागद फाटले तर, म्हणून ठेवून दिली. तुम्ही रोज दहाला येता. तोवर काम उरकून जागच्या जागी ठेवीन म्हटलं. आज तुम्ही साडेआठलाच आलात."

"मग सांगायचं तरी!"

"तुम्ही पोलीस म्हणालात. माझी वाचाच बसली. दुपारी गुपचूप ठेवीन म्हटलं, तर तुम्ही कपाटासमोरून हलेनात."

काल संध्याकाळपासून हा माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता, आणि मी त्याला चोर म्हणत होते. मी त्यांचा हात हातात घेतला. बोटं काचेसारखी गुळगुळीत होती. मला रडू आवरेना.

"पण काका म्हणतात ते खरंच आहे ना?" मशीनवाला कुजबुजला. "ओळख पटली नाही तर सगळेच अडकणार."

फाईल सापडली होती आणि आम्ही होतो तिथंच होतो. दीड वाजला होता.

६

"नोटिशीवर खाली काय लिहिलंय?" वन्संनी मला विचारलं. "पान एक. अगं, नुसत्या एका पानाला कुणी पान एक म्हणतं का? दुसरं कुठाय?"

मी आठवू लागले. सोमवारी पाकीट फोडलं. पहिलं पान वाचूनच माझं अवसान गळालं. दुसरं मी वाचलंच नाही. ते मागून कोरं होतं. आणि मागून कोरा असलेला प्रत्येक कागद आमच्याकडे एकाच ठिकाणी जातो. शर्टाची घडी ताठ राहावी म्हणून आत घालायच्या कागदांच्या खोक्यात.

"शर्टात!" मी ओरडले. "दुसरं पान कुठल्यातरी शर्टात आहे!"

सोमवारचे अकरा शर्ट अजून न्यायचे राहिले होते. आम्ही सहाही जण तुटून पडलो. काकांनी एकोणीस वर्षांत आपल्या हातानं घडी मोडली नसेल. आज ते भराभरा मोडत होते. सातव्या शर्टात, तपकिरी रेघांच्या, ते पान निघालं. वन्संनी मोठ्यानं वाचलं.

"कामामुळे ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत त्यांची ओळख डोळ्यांच्या छायाचित्रावरून पटवली जाईल. मालकाने तसे लेखी कळवावे. मालकाच्या ठशासही हाच नियम लागू राहील."

काका पाठमोरे झाले. त्यांचे खांदे हलत होते.

कचेरीत भावोजींनी आपल्या गाडीतून नेलं. मागच्या सीटवर रफूवालीनं ते तीन टाके पुन्हा घातले. मी गुडघ्यावर कागद ठेवून काकांसाठी पत्र लिहिलं. सव्वातीनला आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी फाईल उलटीसुलटी करून पाहिली.

"हे शिवलंय कुणी? कागद सुटे लागतात."

मला घेरी यायची बाकी होती. काकांनी खिशातून ती छोटी कात्री काढली आणि बघता बघता सगळे टाके उसवून दिले.

रफूवालीची बोटं हिरव्या दिव्यात पास झाली. मशीनवाल्याचीही. काकांच्या बोटांना यंत्रानं तीनदा लाल दिवा दाखवला. बाईंनी माझं पत्र वाचलं, डोळ्यांचं यंत्र पुढं ओढलं, आणि काकांनी हनुवटी टेकवली. हिरवा.

मी सुटकेचा श्वास सोडला. चाराला दहा मिनिटं होती.

"आता मालकाचा अंगठा," बाई म्हणाल्या.

मी अंगठा ठेवला. लाल. पुसून ठेवला. लाल. डावा ठेवला. तोही लाल.

माझ्या डोळ्यांपुढे ह्यांच्या फोटोची काच आली. उजवीकडची चार बोटं. तीही नुसते डागच होती. ह्यांच्या मागे वर्षभर मी सोड्याच्या आणि ब्लीचच्या पाण्यात हात बुडवले होते. कधी निरखून पाहिलंच नव्हतं. मी वळून वन्संकडे बघितलं.

"सकाळीच दिसलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तू आधीच घाबरलेली. आणखी कशाला?"

"त्याच पत्रात खाली तुमचं नाव घाला," बाई म्हणाल्या. काकांच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की मलाच वाचता येईना. यंत्र माझ्यापुढं सरकलं आणि मी मागं सरले. काका पुढं आले.

"घाबरू नका, बाई. हनुवटी इथं टेकवा. फक्त पापणी मिटू नका."

मी हनुवटी टेकवली. डोळ्यांत पाणी आलं, पण मी पापणी मिटली नाही.